डोकावणारा दगड

एक भिंत डोळ्यांपुढे आण. डोळे मिटू नकोस, मिटलेस तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच आण.

भिंत उंच आहे. काळ्या, ओबडधोबड दगडांची आहे. तिच्या वरच्या अंगाला मातीच माती, आणि त्या मातीत गावातली फार जुनी माणसं कायमची निजली आहेत. त्यांच्या डोक्याशी नावं कोरलेले दगड उभे आहेत. भिंतीच्या खालच्या अंगाला खोल्यांची एक रांग आहे. तिथे आजची माणसं निजतात, उठतात, भांडतात, कपडे वाळत घालतात. वरच्या मातीचा भार खालच्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून मध्ये ही भिंत उभी आहे. तिला दुसरं काही काम नाही, पण हे काम तिला रात्रंदिवस करावं लागतं. आणि आजवर कुणी तिला विचारलेलं नाही, की बाई, दमलीस का?

आली डोळ्यांपुढे? मग आता त्या रांगेतल्या शेवटच्या खोलीत चल. इथे भिंगरी राहते. एका जागी बसत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी. खरं नाव शाळेच्या हजेरीत आहे, ते तिथेच राहू दे. तिची आई धुलाईच्या कारखान्यात जाते आणि संध्याकाळी परत येते. दिवसभर घरात असतात ते भिंगरी आणि तिचे आजोबा. आजोबा म्हणजे आईचे वडील. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता पाय थकलेले. चाकाच्या खुर्चीत बसून मागच्या खिडकीशी असतात.

त्या खिडकीतून दिसतं काय? तर भिंत. खोली आणि भिंत यांच्यामध्ये फट आहे, एखादा सडपातळ माणूस आडवा होऊन सरकेल एवढी. देखावा म्हणून काहीच नाही, पण आजोबांना तो पुरत होता. कारण भिंतीला मूठभर आकाराची भोकं होती, एका ओळीत, आणि पाऊसपाण्याच्या दिवसांत त्यांतून थेंब गळत. टप्. टप्. खिडकीसमोरच्या भोकाखाली आजोबांनी एक पत्र्याची झारी ठेवली होती. त्या पाण्यावर त्यांची कुंडीतली दोन रोपं जगत.

"माझी सगळी घड्याळं विकली," ते म्हणायचे, "पण हे भिंतीचं घड्याळ कुणी नेऊ शकत नाही."

आता भिंतीच्या वर जाऊ या.

वरची दफनभूमी कित्येक वर्षं ओसाड पडली होती. गवत छातीपर्यंत वाढलेलं, दगड आडवे झालेले, नावांवर शेवाळ. मग भिंगरीच्या मावशीनं मनावर घेतलं. मावशी शाळेची बस चालवते. एका आरोळीत पन्नास पोरांना गप्प बसवणारी बाई. तिनं हाक दिली आणि सुट्टीच्या दिवशी माणसं जमायला लागली. कुणी पगाराला नव्हतं. कुणी खुरपं आणलं, कुणी बादली. दातांचे एक डॉक्टर आले, ते घरातले जुने दात घासायचे ब्रश पिशवीभर घेऊन आले.

"दगड आणि दात, दोन्ही एकाच जातीचे," ते म्हणाले. "जोर लावला की गेले."

मावशीचा नियम एकच होता: होतं तसं ठेवायचं. दगडावर छिन्नी लावायची नाही, तेजाब ओतायचं नाही, पुसट अक्षरं आपल्या मनानं पुन्हा कोरायची नाहीत. मऊ ब्रश, साधं पाणी आणि धीर. कललेला दगड सरळ करायचा तर आधी ओळंबा धरायचा. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. ते सोडलं की दोरी अगदी सरळ खाली लोंबते, आणि दगड किती कललाय ते लपत नाही. ओळंबा धरायचं काम भिंगरीचं होतं. तेवढा वेळ मात्र भिंगरी भिंगरी राहत नसे. श्वास धरून उभी राही.

मावशीनं तिला पाणी बघायलाही शिकवलं होतं. वरच्या कोपऱ्यात एक जुनी मोरी बुजलेली सापडली, ती मोकळी करताना मावशी म्हणाली, "नुसतं पाणी आलं म्हणून खूश व्हायचं नाही. रंग बघायचा. आधी थोडा गाळ येतोच. पण मग निवळलं, तर माती जागेवर आहे. आणि गढूळ ते गढूळच येत राहिलं, तर माती चालायला लागली. मग तिथे उभं राहायचं नाही. समजलं का?"

"समजलं."

"काय समजलं?"

"पळायचं."

"शहाणी आहेस."

हे लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

दफनभूमी अशी उजळली की ओळखू येईना. आता राहिली भिंत. रस्त्याच्या बाजूनं पाहणाऱ्याला तीच आधी दिसणार, आणि सांधे तर पार उकललेले. डॉक्टर एके दिवशी तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. एखाद्या रोग्याला तोंड उघडायला सांगावं तसं त्यांनी भिंतीला खालून वर पाहिलं.

"किडलीय बिचारी," ते म्हणाले. "ही भोकं बघा. मधले दगड निखळून पडलेत. आज भोक आहे, उद्या भगदाड होईल. भरून टाकू."

मावशीला पटलं. रांगेतल्या लोकांना तर फारच पटलं. त्या भोकांत पाली राहत, उंदीर राहत, फटीत पाणी साचून डास होत. कुणी म्हणालं नाही की होतं तसं ठेवायचं. कबरीच्या दगडाला छिन्नी लावू न देणारी ही माणसं, पण भिंतीचं भोक त्यांना भोकच वाटलं. त्यांनी सिमेंट कालवलं आणि डॉक्टरांनी एकेक भोक असं काळजीनं भरलं, की त्यांच्या दवाखान्यातल्या दाढा हेवा करतील.

मागच्या फटीत त्यांचं पोट अडकलं. सगळे हसले, तेही हसले. तेव्हा भिंगरी आत सरकली. रांगेच्या मागची सगळी भोकं तिनंच भरली. आजोबांच्या खिडकीसमोरचं शेवटचं. ते भरून झाल्यावर ओल्या सिमेंटवर तिनं अंगठा दाबला.

"ही माझी सही," ती खिडकीतून आजोबांना म्हणाली.

आजोबा हसले, पण रिकाम्या झारीकडे बघत हसले. "आता माझ्या रोपांना नळाचं पाणी प्यावं लागणार म्हणायचं."

मग पाऊस लागला. धो धो नव्हे, तसा कोसळून मोकळा होतो. हा बारीक होता, चिवट, न थांबणारा. आजारी माणूस कण्हत राहतो तसा दिवसच्या दिवस पडत राहिला.

पहिली गोष्ट वर घडली. भिंतीच्या अगदी कडेला एक दगड होता, लहान, वरून गोल. त्यावरचं नाव पार झिजलेलं, वयाचा आकडा तेवढा उरलेला. नऊ. भिंगरीच्याच वयाचं कुणीतरी. तो दगड तिनं स्वतः ओळंबा धरून सरळ करून घेतला होता. पाऊस लागल्यावर पुढच्या सुट्टीला ती गेली, तर तो कललेला. मागे नाही, डावीउजवीकडे नाही; पुढे. कठड्यावरून खाली वाकून बघावं तसा.

"पाया भुसभुशीत झाला असेल," मावशी म्हणाली. त्यांनी तो पुन्हा उभा केला, बुडाशी खडी ठोकली.

पुढच्या खेपेला तो पुन्हा वाकलेला होता, आणि या वेळी त्याच्या शेजारचाही.

"हट्टी आहे पोर," डॉक्टर म्हणाले. "खाली काय एवढं बघायचंय त्याला?"

भिंगरीनं दगडाच्या मागे उभं राहून तो बघत होता तिकडे पाहिलं. खाली त्यांच्या खोलीचं छप्पर होतं. त्या दिवशी तिनं ओळंबा गुंडाळून खिशात टाकला आणि घरी घेऊन आली.

दुसरी गोष्ट आजोबांनी सांगितली. जेवता जेवता ते एकदम थांबले आणि कान खिडकीकडे केला.

"काय झालं?"

"काही नाही. तेच तर. एवढा पाऊस पडतोय आणि भिंतीचं घड्याळ बंद."

"अहो आजोबा, भोकं बुजवली ना आपण."

"ते कळतं गं मला. पाय गेलेत माझे, डोकं जागेवर आहे." त्यांनी हात धुतले. "पण घड्याळ बंद पडलं म्हणजे वेळ थांबतो का? मी आपला विचार करतोय. एवढं पाणी वर पडतंय. पूर्वी ते इथून बाहेर यायचं. आता जातं कुठे?"

भिंगरीनं खांदे उडवले, पण झोपेपर्यंत तो प्रश्न तिच्या कानात गळत राहिला. जातं कुठे?

आता त्या दिवसावर येतो. दुसऱ्या दिवशी दफनभूमी लोकांना खुली व्हायची होती. पाहुणे येणार, भाषणं होणार. दुपारी पावसानं थोडी उघडीप दिली, म्हणून सगळे वर खुर्च्या मांडत होते. आई कामावर गेली होती. आजोबा म्हणाले, "झारी तरी काढून दे गं. रिकामी गंजतेय."

भिंगरी खिडकीतून ओणवली. झारीची कडी हाताला लागली. तिनं ओढली. झारी हलली नाही. तिनं दोन्ही हातांनी ओढली. मग वाकून नीट पाहिलं, आणि पाहतच राहिली.

झारी अडकली होती. एका बाजूला खोलीची भिंत, दुसऱ्या बाजूला ती काळी भिंत, आणि मध्ये पत्रा चेपलेला, चिमटीत धरलेल्या कागदासारखा. ज्या फटीतून ती स्वतः सरकत गेली होती, त्या फटीत आता तिचं डोकंही गेलं नसतं.

तिनं खिशातला ओळंबा काढला. खिडकीतून वर जमेल तेवढा हात लांब केला, दोरी दगडाला टेकवली आणि वजन सोडलं. वजन खाली गेलंच नाही. भिंतीच्या पोटावर जाऊन विसावलं.

ती वर धावली. डॉक्टर खुर्च्या पुसत होते.

"डॉक्टरकाका, कीड सारख्या अंतरावर लागते का?"

"काय?"

"दातांना. एक सोडून एक दात, एका ओळीत, अशी मोजून लागते का?"

"छे गं. कीड कुठेही लागते. ती काय पट्टी घेऊन येते?"

"मग भिंतीची भोकं सारख्या अंतरावर का होती? मी भरलीत ना, मला माहीत आहे. एका भोकापाशी उभी राहिले की माझा लांब केलेला हात बरोबर पुढच्या भोकाला लागायचा. प्रत्येक वेळी."

डॉक्टरांच्या हातातलं फडकं थांबलं. पण तेवढ्यात मावशीची हाक आली, आणि मावशीच्या हाकेला न जाणारा माणूस अजून जन्मायचा होता. भिंगरी मावशीकडेही गेली. झारीचं सांगितलं, ओळंब्याचं सांगितलं.

मावशीनं कपाळावरचा घाम पुसला. "भिंगरे, दीडशे वर्षं उभी आहे ती भिंत. एक दिवस अजून उभी राहील. उद्याचं पार पडू दे, परवा आपण दोघी मिळून बघू. बाबांना म्हणावं झारी नवी आणून देते."

"पण मावशी, भोकं उघडली तर..."

"काहीही फोडायचं नाही. आज तर मुळीच नाही. कळलं?"

मावशी वाईट नव्हती. तिचे वडील त्या खिडकीशी बसलेले होते. त्यांचं वाईट ती कसं चिंतेल? पण माणूस एखादं काम जीव लावून करतो ना, तेव्हा त्या कामात चूक असू शकते हेच त्याला दिसेनासं होतं. मोठ्यांचं असं होतं. तुझंही होईल कधीतरी.

भिंगरी परत निघाली. वाटेत तो छोटा दगड होता. सकाळी त्यांनी तो पुन्हा सरळ केला होता. आता तो आधीपेक्षा जास्त वाकला होता, आणि त्याच्या मागे गवतात एक चीर पडली होती, भिंतीला समांतर, लांबच लांब. कुणीतरी चादर पायांकडे ओढावी तशी माती भिंतीकडे सरकली होती. भिंगरीनं चिरेत बोट घातलं. बोट संपलं, चीर संपली नाही. तिनं वळून मावशीला हाक मारली. मावशी बसमधून माईक आणायला गेली होती.

आता तूच सांग, तू काय केलं असतंस? मोठ्यांनी सांगितलंय, फोडायचं नाही. आणि आपल्या हातानं बुजवलेलं भोक खिडकीसमोर आहे. घाई करू नकोस. भिंगरीनंही घाई केली नाही. हत्यारांच्या खोलीपर्यंत ती चालत गेली. तिथून तिनं जमीन चाचपायची लांब सळई घेतली आणि हातोडी घेतली.

"काय गं, कुठे निघालीस लढाईला?" आजोबांनी विचारलं.

"तुमचं घड्याळ चालू करते."

आजोबांनी सळईकडे पाहिलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि खुर्ची थोडी मागे घेतली. "तुझी मावशी तुला ओरडेल."

"ओरडू दे."

"मलाही ओरडेल," ते म्हणाले. "मार."

खिडकीतून सळईचं टोक समोर पोचत होतं. भिंगरीनं ते बरोबर आपल्या अंगठ्याच्या ठशावर टेकवलं. ठसा आता तडकलेला होता. तिनं हातोडी मारली. काही नाही. पुन्हा मारली. चौथ्या की पाचव्या घावाला सळई एकदम आत गेली, जणू पलीकडून कुणी ती ओढून घेतली. भिंगरीनं ती मागे खेचली, आणि सिमेंटचा गोळा टुणकन उडून खोलीच्या भिंतीवर आपटला. मागोमाग पाणी. टप् टप् नव्हे. मनगटाएवढी धार, थेट खिडकीतून आत, आजोबांच्या मांडीवर.

आजोबा चिंब भिजले आणि हसायला लागले. "आलं. आलं गं. मोकळं झालं."

भिंगरी हसली नाही. ती रंग बघत होती.

पाणी तपकिरी होतं. आधी थोडा गाळ येतोच, तिनं स्वतःला सांगितलं. धारेचा जोर ओसरला, ती चेपलेल्या झारीत पडायला लागली. झारी भरली, ओसंडली. भिंगरी थांबली. निवळ, ती मनात म्हणाली, निवळ ना. पाणी निवळलं नाही. अजून गढूळ झालं, घट्ट झालं, आणि त्यातून बारीक खडे यायला लागले. ती खडी तिनं ओळखली. छोट्या दगडाच्या बुडाशी त्यांनीच ठोकलेली पांढरी खडी.

मग झारी कुरकुरली. कुणी हात लावला नव्हता. पत्रा हळूच आणखी आत दबला.

"आजोबा," भिंगरी अगदी हळू आवाजात म्हणाली, "आपण बाहेर जातोय."

"माझी हत्यारांची पेटी..."

तिनं वाद घातला नाही. पेटी त्यांच्या मांडीवर ठेवली, खुर्चीचा ब्रेक काढला आणि ढकललं. उंबऱ्याशी घोडं अडलं. पुढची चाकं वर येईनात. तिनं पाठ लावली, पाय रोवले. मागे खिडकीची काच तडकल्याचा आवाज आला. तिनं मागे पाहिलं नाही. तेवढ्यात समोरून कुणीतरी खुर्ची पकडली आणि एका हिसक्यात बाहेर घेतली.

दातांचे डॉक्टर होते. धावत आल्यानं त्यांना बोलता येत नव्हतं. छत्री कुठेतरी टाकून आले होते.

"मोजून लागत नाही," ते कसेबसे म्हणाले. "कीड. मोजून लागत नाही. ती भोकं कुणीतरी पाणी जायला मुद्दाम ठेवली होती. भिंगरी, मी..."

"काका, नंतर," भिंगरी म्हणाली. "यांना रस्त्यापलीकडे न्या. मावशीला हाक मारा. पाणी गढूळ आहे एवढंच सांगा, तिला कळेल."

डॉक्टर खुर्ची घेऊन पळाले. आजोबा मागे वळून तिच्याकडे बघत होते, पेटी छातीशी धरून.

भिंगरीनं वर पाहिलं. भिंतीच्या कडेवरून तो छोटा दगड आता अर्धा बाहेर आला होता. रांगेतल्या बाकीच्या खोल्यांची दारं बंद होती. दुपारची वेळ, कुणी रात्रपाळी करून झोपलेलं, कुणाचं बाळ झोपलेलं. हातोडी अजून तिच्या हातातच होती.

ती शेजारच्या दाराशी गेली आणि हातोडीनं दार ठोकायला लागली. आतून कुणीतरी चिडून ओरडलं, "कोण आहे?"

"मी भिंगरी," ती म्हणाली. "बाळाला घ्या आणि बाहेर या." आणि ते दार उघडायची वाट न बघता ती पुढच्या दाराशी गेली.